शहरे, गावे आणि नीरेचा कालवा

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर पिंपळी लागते. तुकोबांच्या पालखीचा हा रस्ता. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि त्यापलीकडचे कोरडे माळ, दोन्ही येथे जवळजवळ पाहायला मिळतात. काही वर्षांपूर्वी या परिसरातल्या एका शाळेत मातीविषयी बोलायला आम्ही गेलो होतो. बोलणे संपल्यावर आम्ही मुलांना विचारले, "नवी गोष्ट आधी कुठे निघते?" सगळ्यांचे उत्तर एकच आले, "पुण्यात!" एकदोघांनी मुंबईचे नाव घेतले. "मग ती पिंपळीत कधी येते?" असे विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, "जुनी झाल्यावर."

वर्ग हसला, शिक्षकही हसले. आम्हाला मात्र ते उत्तर परतीच्या वाटेवर पुरले. कारण ते पूर्ण चूक नव्हते आणि पूर्ण बरोबरही नव्हते. मोठी शहरे संपत्ती आणि नव्या कल्पना निर्माण करतात, हे खरे. परंतु धोरणे, म्हणजे समाजाने आपले प्रश्न सोडवण्यासाठी ठरवलेले नियम, तीही शहरातच तयार होतात आणि मग गावाकडे उतरतात का? बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर चांगले सापडते. ते येथे पाहू या.

शहराचे गणित

प्रथम शहराची बाजू पाहू. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० मध्येच एक गोष्ट मांडली होती. एकाच धंद्यातली माणसे एका ठिकाणी जमली की त्या धंद्याची गुपिते गुपिते राहत नाहीत. एकाची युक्ती दुसरा उचलतो, तिच्यात भर घालतो. पुढे १९६९ मध्ये जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने याहून धीट विधान केले. आधी शेती आणि मग शहर, असे आपण समजतो. तिचे म्हणणे असे की शेतीतल्या सुधारणासुद्धा आधी शहरात होतात आणि नंतर गावात जातात.

२००७ मध्ये लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, चीन, जर्मनी अशा देशांतील शहरांची आकडेवारी तपासली. शहराची लोकसंख्या दुप्पट झाली तर बाकीच्या गोष्टी किती पट होतात, हा त्यांचा प्रश्न. उत्तर तीन प्रकारचे मिळाले. एकूण उत्पन्न, पेटंटची संख्या अशा गोष्टी लोकसंख्येच्या सुमारे १.१५ व्या घाताच्या प्रमाणात वाढतात. २ चा १.१५ वा घात सुमारे २.२ येतो. म्हणजे माणसे दुप्पट, पण उत्पन्न २.२ पट, दरडोई सुमारे ११ टक्के अधिक. रस्ते, तारा, नळ अशा सोयींचा घातांक सुमारे ०.८५ आहे. माणसे दुप्पट झाली तरी रस्ते १.८ पटच लागतात. येथे बचत होते. तिसऱ्या प्रकारात घरे आणि घरगुती पाणी अशा माणसाच्या मूळ गरजा येतात. त्यांचा घातांक १ च्या आसपास आहे. माणसे दुप्पट, तर पाणीही दुप्पट.

शहराची हद्द कशी धरली यावर हे घातांक थोडेफार बदलतात, पण ढोबळ चित्र असे आहे. हा तिसरा प्रकार वाचकांनी लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

लंडनचा सिद्धांत आणि इंदापूरची जमीन

आता इतिहासाकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुणे प्रांत कंपनी सरकारच्या हाती आला. शेतसारा किती घ्यावा, हा पहिला मोठा प्रश्न होता. हे काम रॉबर्ट प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. तो इंग्लंडमध्ये कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिकला होता. तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्या काळी अगदी ताजा होता. सिद्धांत थोडक्यात असा: सर्वांत हलक्या जमिनीत फक्त लागवडीचा खर्च निघतो. त्याहून चांगल्या जमिनीत जे जास्तीचे उरते ते शेतकऱ्याच्या कष्टाचे नसून जमिनीच्या गुणाचे असते. म्हणून सरकारने त्यातून वाटा घ्यावा.

प्रिंगलने १८२७-२८ पासून पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक काढायचे, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा लावायचा, अशी त्याची पद्धत होती. कागदावर ती निर्दोष होती. १८३० मध्ये ती लागू झाली आणि थोड्याच वर्षांत कोसळली. मोजणीत चुका होत्या, कारकुनांनी हात मारले होते, भाव पडले होते. शिवाय प्रत्येक प्रतीच्या शेतातले निव्वळ उत्पन्न किती, हे बाहेरच्या माणसाला नेमके काढता येणारच नव्हते. त्यासाठी बैल, बी, मजुरी, पाऊस सगळेच माहीत हवे. सारा परवडेना म्हणून लोक जमिनी टाकून जाऊ लागले. इंदापूर तालुक्याची अवस्था फार वाईट झाली.

१८३५ मध्ये ही मोजणी सुधारण्यासाठी गोल्डस्मिड या अधिकाऱ्याला इंदापुरात पाठवण्यात आले. त्याच्या जोडीला जॉर्ज विंगेट हा लष्करी अभियंता आला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि कुदळ हाती घेतली. जमीन किती खोल आहे, तिचा रंग व पोत कसा आहे, तिच्यात चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष किती, हे शेतात उभे राहून पाहायचे. त्यावरून जमिनीच्या नऊ प्रती ठरवायच्या. उत्तम जमीन सोळा आणे, आणि दोष असेल तितकी प्रत खाली. सगळ्या तालुक्याचा एकूण सारा मात्र मागची वसुली, धान्याचे भाव, बाजाराचे अंतर आणि पाऊसमान पाहून ठरवायचा आणि तो शेतांवर प्रतीनुसार वाटायचा. प्रत्येक शेताला क्रमांक आणि हद्दीचे दगड. एकदा ठरलेला सारा तीस वर्षे बदलायचा नाही. मध्ये शेतकऱ्याने विहीर खोदली तर तिच्यामुळे तो वाढायचा नाही.

यातले मृदाविज्ञान आजही टिकते. कोरडवाहू भागात पीक येते ते जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. ओल किती धरली जाईल हे मातीची खोली आणि तिच्यातले चिकणमातीचे प्रमाण यांवर ठरते. विंगेटकडे प्रयोगशाळा नव्हती, पण ज्या गुणांवर पीक अवलंबून आहे तेच गुण त्याने मोजले. शेतकऱ्यांना ते आधीपासून माहीत होते. काळी, मुरमाड, चोपण, पाणथळ हे शब्द त्यांचेच.

इंदापुरात बसवलेली ही पद्धत १८४७ च्या एका संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली. पुढे ती मुंबई इलाखाभर आणि वऱ्हाडातही गेली. आपल्या सातबाऱ्यावर 'आकार' आणि 'पोटखराबा' हे शब्द आजही दिसतात, त्यांचे मूळ या मोजणीत आहे. म्हणजे लंडनमधून आलेला सिद्धांत इंदापूरच्या मातीत हरला आणि इंदापूरच्या मातीत घडलेला नियम मुंबईला गेला. मागच्या बाकावरच्या मुलाला आमचे पहिले उत्तर हे आहे.

सुप्याची आग

पण गाव नेहमीच जिंकले असे नाही. दूरच्या शहरात झालेल्या घडामोडींचा तडाखा गावाला कसा बसतो, याचे उदाहरणही याच भागात आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस थांबला आणि भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे पूर्ण झाल्यावर दख्खनचा माल थेट बंदरावर जाऊ लागला. सावकारही कर्ज सढळ हाताने देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या बँका बुडाल्या. नेमक्या याच सुमारास, १८६७ मध्ये, इंदापूरच्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपली. नवा आकार ठरवताना तेजीतले भाव धरले गेले आणि तो बराच वाढला. उत्पन्न घटले, सारा वाढला आणि कर्ज तसेच राहिले.

१२ मे १८७५ रोजी सुपे या गावी (ते तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे) शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. रोखे आणि खातेवह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. माणसांवर हात फारसा टाकला गेला नाही. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत असेच घडले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आता पुण्याकडे पाहू. १८७० मध्ये तेथे सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या या सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी दंग्यांच्या आधीच सुरू केली होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. सरकारने दंग्यांवर चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. सावकारांनी पळवाटा काढल्या हे खरे. पण सहकारी पतपेढ्यांचा १९०४ चा कायदा ज्या विचारातून आला, त्याची सुरुवात येथे आहे.

येथे शहराचे काम स्पष्ट दिसते. सुप्याने प्रश्न मांडला, पण त्या आगीचे कायद्यात रूपांतर करण्यासाठी छापखाना, वकील, आकडेवारी जमवणारी माणसे आणि सरकारशी बोलणारी संस्था लागली. ती पुण्यात होती, कारण अशी माणसे एकत्र जमतात ती शहरातच. मार्शलचे म्हणणे येथे पटते.

कालवा आणि मीठ

१८७६ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली, त्यांतले एक नीरा डाव्या कालव्याचे. भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण आणि तेथून नीरेच्या पात्रातून येणारे पाणी वळवून पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जाणारा सुमारे १०० मैलांचा कालवा. तो १८८५ मध्ये सुरू झाला. ज्या भागात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, तेथे सह्याद्रीचे पाणी आले.

पण नवे पाणी वापरायचे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी घेत नसत आणि दुष्काळात सगळे एकदम मागत. ऊस इकडे एक, तिकडे एक असा विखुरलेला. त्या सर्वांना पाणी पोचवताना बरेचसे वाटेतच झिरपून जाई. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचवली. पाण्याची जमीन गावातल्या ठरावीक तुकड्यांत एकवटायची. तुकड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीच्या भागात हंगामी पिके. ऊस दरवर्षी फिरता ठेवायचा आणि पाण्याची हमी काही वर्षांसाठी आधीच द्यायची. याच काळात, १९०३ मध्ये, त्यांनी खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडमिट करणारे दरवाजे बसवले. खडकवासल्याची कीर्ती अधिक झाली, पण लाखो एकरांच्या पाणीवाटपाचा विचार ज्या पद्धतीने बदलला ती नीरेच्या कालव्यावरची.

तरीही एक संकट आलेच. कालव्याच्या पट्ट्यात काही शेते पांढरी पडू लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आज आपल्याला त्यामागची क्रिया अशी सांगता येते. कालव्यातून आणि जादा पाणी दिलेल्या उसातून पाणी खाली झिरपते. सखल भागात निचरा नसेल तर भूजलाची पातळी वर येते. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आली की केशाकर्षणाने पाणी आणखी वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. क्षारांत सोडियम जास्त असेल तर तो चिकणमातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेतो. मग माती भिजली की चिखल, वाळली की दगड. हीच आपली चोपण जमीन.

वर्गात हे सहज दाखवता येते. मातीची एक भाजलेली कुंडी मिठाच्या पाण्याच्या ताटलीत ठेवा आणि उन्हात राहू द्या. आठवडाभरात कुंडीच्या बाहेरच्या अंगावर, पाण्याच्या पातळीच्या वर, पांढरा थर दिसेल. पाण्याने मीठ वर आणले आणि उन्हाने पाणी नेले.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात पाटबंधाऱ्यांसाठी एक छोटा खास विभाग काढला. पाटपाण्याची पद्धत शेतीच्या गरजेशी जुळवणे, एवढेच त्याचे काम होते. पुढे सर क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली तो वाढला आणि खडकवासल्याला स्थिरावला. आज त्याला आपण केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणतो. देशातल्या धरणांच्या, नद्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती तेथे बांधून तपासल्या जातात. पुण्याला विज्ञाननगरी म्हणताना या संस्थेचे नाव घेतले जाते. तिचा जन्म मात्र दख्खनच्या कालव्यांवरील शेताच्या बांधावर उठलेल्या प्रश्नांतून झाला, हे सांगितले जात नाही.

मुंबईचा पैसा

पुढचा अध्याय साखरेचा. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि मुंबईच्या भांडवलाला कालव्याच्या पट्ट्यात नफा दिसू लागला. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ साखर कारखाना आणि उसाचा विस्तीर्ण मळा उभारला; तेच आजचे वालचंदनगर. कारखान्याबरोबर तेथे यंत्रशाळा आली, यंत्रशाळेतून साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली आणि काही दशकांनी त्याच गावात इस्रोच्या अग्निबाणांची आवरणे तयार झाली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांचे मळे राज्य शेती महामंडळाकडे गेले. यंत्रशाळा मात्र राहिली. जेन जेकब्जला हे उदाहरण माहीत असते तर तिने त्यावर काय लिहिले असते, असे कुतूहल आम्हाला वाटते. भांडवल शहराचे होते, पण कौशल्य उसाच्या शेतात वाढले.

दुसरा मार्ग सहकाराचा. नगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकरी गोळा केले आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचे सर्वेक्षण केले होते. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. कालव्याचे पाणी पिणाऱ्या गावांत घरोघर फिरल्यावर त्यांना जे दिसले, त्याच्या आधारावर ते लोणीच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहू शकले. १९५० च्या दशकातच बारामतीजवळ माळेगाव आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. एकट्या पुण्याला किंवा एकट्या लोणीला हे जमले नसते.

तिसरे उदाहरण तर शिक्षकांच्या खिशातले आहे. पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' म्हणून एक कपात असते, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. ती कशासाठी, हे आम्ही अनेक शिक्षकांना विचारले. फार थोड्यांना सांगता आले. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे, ही त्यांची कल्पना. तासगाव तालुक्यात ती आधी लहान प्रमाणावर करून पाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली. बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांतूनही त्या वर्षांत बांध, पाझर तलाव आणि रस्त्यांची कामे झाली. पण हमी द्यायची तर कायमचा पैसा हवा. १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा त्यासाठी आला. शहरातल्या नोकरदारांकडून, मुख्यतः मुंबईतून, जमा होणारा हा कर आणि बागायती जमिनीवरचा जादा आकार असे पैसे रोजगार हमीसाठी राखले गेले आणि त्यात राज्य सरकारने तेवढीच भर घालायची ठरवली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला.

शहराने मिळवलेल्या जास्तीच्या उत्पन्नातला थोडा हिस्सा दुष्काळी गावातल्या कामाकडे वळला. घातांक १.१५ असण्याचा समाजाला उपयोग काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

पाण्याचा हिशेब

आतापर्यंतच्या गोष्टींत एक सूत्र दिसते. शहराकडे पैसा, संस्था आणि एकत्र बसून विचार करणारी माणसे असतात. गावाकडे प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाविषयीचे बारीक ज्ञानही असते. या दोहोंची गाठ पडली तेव्हा टिकाऊ धोरण जन्मले. शहराने गावाला न विचारता नियम लादला तेव्हा प्रिंगलच्या साऱ्यासारखी गत झाली.

आज या भागातला सर्वांत मोठा न सुटलेला प्रश्न पाण्याचा आहे. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले ते पुणे शहर आणि लष्कराचे पिण्याचे पाणी व शेती या दोन्हींसाठी. १९०१ मध्ये पुण्याची वस्ती दीड लाखाच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडची १७ लाखांहून अधिक होती. खडकवासला प्रकल्पाचे कालवे दौंड आणि इंदापूरकडे जातात. शहर जितके जास्त पाणी घेईल तितके त्या कालव्यांत कमी उरते. शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, आणि भीमेतून १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात जाते. त्या जलाशयाच्या काठावर पुन्हा इंदापूर तालुकाच आहे. म्हणजे पुण्याच्या वाढीचा परिणाम इंदापूरला दोनदा सोसावा लागतो: एकदा न आलेल्या पाण्यातून आणि एकदा आलेल्या पाण्यातून.

येथे तो तिसरा घातांक आठवावा. शहर मोठे झाले की उत्पन्न दुपटीहून जास्त वाढते, रस्ते दुपटीहून कमी लागतात. पाण्याला मात्र अशी सूट नाही. शहर कितीही हुशार झाले तरी दुप्पट माणसांना दुप्पट पाणी लागते. बचत होऊ शकते ती पुनर्वापराने, गळती थांबवून, आणि शेतीतही उसाला मोजून पाणी देऊन. पण ती आपोआप होणार नाही, ती धोरणाने करावी लागेल. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, आणि शहराच्या पाणीवापराबद्दलचे वाद त्या प्राधिकरणापुढे गेले आहेत. पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीच्या कालव्यात सोडण्याची योजनाही झाली. हे आरंभ आहेत. विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्यासारखे कोणीतरी कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतात उभे राहून मोजमाप करील, तेव्हा ते पक्के होतील.

हे मोजणारी माणसे कुठून येणार? २००९ मध्ये बारामती तालुक्यातच, माळेगाव खुर्द येथे, राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, क्षार, उष्णता यांचा पिकांवर पडणारा ताण हा तिचा विषय. मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्ये पुण्याहून येऊन जी माती तपासली, ती आता शेजारीच तपासता येते. शंभर वर्षांत प्रयोगशाळा शेताजवळ आली.

शिक्षकांनी एक उपक्रम जरूर करून पाहावा. मुलांना घरून सातबाऱ्याची प्रत आणायला सांगा. त्यावरचा आकार पाहा. मग शेतात जाऊन हातभर खोल खड्डा खणा आणि मातीची खोली, रंग, चुनखडी, ओल यांची नोंद करा. जास्त आकाराची जमीन खरोखर खोल आहे का? कालव्याजवळची शेते पूर्वीपेक्षा बिघडली आहेत का? आजोबांना विचारा. मिळालेली माहिती तक्त्यात भरा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच पद्धतीने सुरुवात केली होती.

आणि वर्गात कोणी पुन्हा म्हणालेच की नवी गोष्ट पिंपळीत जुनी होऊन येते, तर त्याला इंदापूरच्या नऊ प्रतींची, सुप्याच्या आगीची आणि नीरेच्या मिठाची गोष्ट सांगा. त्या मुलांपैकी बरीचशी उद्या शिकायला पुण्याला जातील आणि त्यांनी जावेही. जाताना आपल्या शेतातल्या खड्ड्याची वही बरोबर न्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.